थांबलेली बुलेट



वार्षिक हिशेब आपणांसमोर मांडला आहेच. ज्या गोष्टीला जमाखर्चाच्या वहीत रकाना नसतो, अशी एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते.

गतवर्षी ऐन हिवाळ्यात रावेर तालुक्यातील एक तरुण केळी उत्पादक उजव्या पायाच्या नडगीचे हाड मोडल्याने आमच्याकडे दाखल झाला. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. परंतु त्याचे मन घरी झाकून ठेवलेल्या वडिलांच्या बुलेटपाशीच घुटमळत होते. जुन्या बुलेटची किक आणि गिअर, दोन्ही उजव्याच पायाकडे. असे हाड जुळण्यास साधारणतः ४ ते ६ महिने लागतात, हे सांगूनही तो दररोज तोच प्रश्न विचारी. अखेर त्याच्या आईनेच उत्तर दिले, "थंडीत केळीचा घड उशिरा भरतो, तेव्हा थांबतोस ना? मग हाडालाच घाई का?" आमच्या समजावणीहून ते वाक्य अधिक परिणामकारक ठरले. त्याने नेमाने व्यायाम केला आणि वैशाखात तो बुलेटवरूनच तपासणीस आला.

मात्र धुळे-शिरपूरकडील अनेक रुग्ण घरी गेल्यावर व्यायामोपचारासाठी परतत नाहीत. एस.टी.चे भाडे आणि बुडणारी मजुरी त्यांना परवडत नाही. शस्त्रक्रियेने हाड सांधले जाते. चालणे पुढील महिन्यांत परत येते. अशा रुग्णांचा प्रवासखर्च उचलण्याचा आमचा मानस आहे. त्या कामी आपला सहयोग लाभावा, ही नम्र विनंती.