परदेशी शिकायला जाणाऱ्याने काय घेऊन यावे?

(आनंदनगर, अंबरनाथ येथे उद्योजक, कामगार, पालक व विद्यार्थी यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



आज या सभागृहात दोन पिढ्या शेजारी शेजारी बसल्या आहेत. एका पिढीने या औद्योगिक वसाहतीत उभे राहून यंत्रे चालवली, छोटे कारखाने उभारले, हप्ते फेडले. दुसरी पिढी पारपत्र हाती घेऊन जर्मनी, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे पाहते आहे. मुलाच्या वा मुलीच्या शिक्षणासाठी राहते घर तारण ठेवावे की नाही, हा प्रश्न येथील अनेक कुटुंबांपुढे आहे. तेव्हा परदेशी जावे की जाऊ नये, असा वाद मी येथे घालणार नाही. जाणाऱ्याने तेथून काय घेऊन यावे, याचा विचार आपण करू. ते एकदा ठरले की घर तारण ठेवण्याच्या प्रश्नाचे उत्तरही पुष्कळ सोपे होते.

या विषयाचे धडे शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. कल्याण ते बदलापूर या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना ते विखुरलेले आहेत.

पहिला धडा कल्याणचा. कल्याणच्या जोशी घराण्यात वाढलेल्या आनंदीबाई 1883 साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, कलकत्त्याहून आगबोटीने अमेरिकेस निघाल्या. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळवली. हे आपण सारे जाणतो. त्यांच्या प्रबंधाचा विषय मात्र फारसा कोणी लक्षात घेत नाही. तो होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र! अमेरिकी अध्यापकांपुढे ही मुलगी आपल्या पूर्वजांचे ज्ञान मांडत होती आणि त्याच वेळी त्यांच्याकडून आधुनिक वैद्यक शिकत होती. ज्याला स्वतःचे काही सांगता येते, त्याच्याशी जग बरोबरीच्या नात्याने बोलते. परदेशी जाणाऱ्या तरुणाला आपल्या इतिहासाची, भाषेची, सणवारांमागील अर्थाची माहिती नसेल, तर तेथील लोक कुतूहलाने चार प्रश्न विचारतील आणि याला मौन पाळावे लागेल. संस्कृतीचा अभ्यास विमानात बसण्यापूर्वी घरीच सुरू व्हावा लागतो. आनंदीबाई 1886 अखेर परतल्या आणि फेब्रुवारी 1887 मध्ये क्षयाने गेल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक त्यांची वाट पाहत राहिली. अकालमृत्यूने त्यांचे कार्य हिरावून घेतले, पण त्या कशासाठी गेल्या होत्या याविषयी त्यांच्या मनात कधी संदेह नव्हता.

दुसरा धडा उल्हासनगरचा. फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी बांधवांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. येथील मालाविषयीचे विनोद आपण पुष्कळ ऐकले आहेत. त्या समाजाची व्यापारी परंपरा मात्र आपण अभ्यासली नाही. सिंधमधील हैदराबाद शहराचे व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंधी कारागिरीचा माल घेऊन प्रथम मुंबईस आणि तेथून इजिप्तला गेले. या मालावरूनच त्यांना ‘सिंधवर्की’ हे नाव पडले. पुढे जपानच्या कोबेपासून जिब्राल्टर आणि पनामापर्यंत त्यांच्या पेढ्या पसरल्या. उल्हासनगरात आलेले सगळेच या पेढ्यांचे नव्हते, हे खरे. पण त्या पेढ्यांची शिक्षणपद्धती आपण समजून घेण्यासारखी आहे. गावाकडचा तरुण साधारण अडीच-तीन वर्षांच्या करारावर परदेशातील शाखेत जाई. तेथे तो दुकान झाडण्यापासून हिशेब ठेवण्यापर्यंत सारे करी, गिऱ्हाइकाची भाषा शिके, कोणत्या बंदरात कोणता रंग खपतो हे ध्यानात ठेवी आणि करार संपला की घरी येई. आज विद्यापीठे ज्याला आंतरराष्ट्रीय व्यवसायाचे प्रशिक्षण म्हणतात, त्याचा गाभा याहून वेगळा काय आहे?

तिसरा धडा खुद्द अंबरनाथचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विमकोची काडेपेटी हे नाव येथील ज्येष्ठांच्या ओठांवर असेल. हा कारखाना येथे का आला? 1922 साली भारत सरकारने परदेशी काडेपेटींवर जबर आयात शुल्क बसवले. स्वीडनच्या काडेपेटी उद्योगाला ही बाजारपेठ गमवायची नव्हती. म्हणून 1923 मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन झाली आणि शुल्काच्या भिंतीबाहेर ताटकळण्याऐवजी स्वीडिश भांडवल भिंतीच्या आत येऊन बसले. अंबरनाथ, बरेली, कलकत्ता, मद्रास, धुबडी अशा ठिकाणी कारखाने निघाले. त्यांनी आपला कायदा वाचला आणि आपल्या बायाबापड्यांची चूल पेटवण्याची गरजही ओळखली.

त्याच 1922 साली शिवकाशीचे षण्मुग नाडार आणि अय्या नाडार हे दोन चुलतभाऊ काडेपेटी बनवण्याची कला शिकण्यासाठी कलकत्त्यास गेले. शिकून गावी परतले आणि त्यांनी दुष्काळी प्रदेशात तो धंदा उभा केला. बलाढ्य परदेशी कंपनीच्या यंत्रांशी त्यांनी गावातल्या हातांच्या बळावर स्पर्धा केली. विमकोचे जुने वैभव आज उरलेले नाही. शिवकाशीचे नाव मात्र काडेपेटी, फटाके आणि छपाई या तिन्ही धंद्यांत देशभर गाजते आहे. प्रवास कलकत्त्याचा असो वा कोलोनचा, परतताना हाती हुन्नर असेल तर गाव उभे राहते.

मित्रहो, व्यापाराच्या शिक्षणात पैशाचे शास्त्रही येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार हा विषय घेतला. पुढे लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून 1923 साली डी.एस्सी. मिळवली. 1920च्या दशकात चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी दाखवून दिले की, रुपया घसरला की मालकवर्गाचा जो लाभ होतो तो मजुराच्या ताटातून येतो, कारण महागाई वाढते आणि मजुरी मागे राहते. ज्या देशाचे राज्य आपल्यावर होते, त्याच देशाच्या राजधानीत बसून त्याच्या चलननीतीची चिकित्सा करणारा हा विद्यार्थी होता. परदेशी शिक्षणाने अशी नजर यायला हवी.

हा रुपयाचा प्रश्न तुमच्या घरातही आहे, पालकहो. कर्ज रुपयांत काढलेले असते, खर्च युरोत किंवा डॉलरमध्ये होतो. रुपया खाली गेला की ठरवलेली रक्कम अपुरी पडते. म्हणून अंदाजपत्रक आखताना थोडी रक्कम निराळी ठेवावी. शिक्षणानंतर तेथेच नोकरी मिळेल आणि त्यातून हप्ते फिटतील, या एकाच आधारावर घर तारण ठेवू नये. नियम एका रात्रीत बदलतात. जानेवारी 2024 मध्ये कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. त्याच महिन्यापासून ब्रिटनने बहुतांश अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना कुटुंबीय सोबत नेण्यास बंदी केली. दलाल हे सांगेलच असे नाही. विद्यापीठाची मान्यता आणि व्हिसाचे नियम आपण स्वतः, मूळ सरकारी स्रोतांतून तपासावेत.

आता जाणाऱ्या तरुणांशी दोन शब्द. आनंदनगरातील रसायन उद्योजकांना युरोपात माल पाठवायचा तर ‘रीच’ नावाचा कायदा आडवा येतो. 1 जून 2007 पासून तो लागू आहे. रसायनाची नोंदणी आणि सुरक्षिततेची माहिती दिल्याशिवाय तेथे बाजार उघडत नाही. तुमच्यापैकी कोणी जर्मनीत शिकत असताना हा कायदा तेथील कारखाना प्रत्यक्षात कसा पाळतो हे पाहिले, नोंदी कशा ठेवतात हे शिकले, तर ते ज्ञान येथील डझनभर छोट्या कारखान्यांना उपयोगी पडेल. जर्मनीत शिकाऊ कामगार आठवड्यातील काही दिवस शाळेत आणि उरलेले कारखान्यात घालवतो. ती व्यवस्था पाहा. आपल्या आयटीआयला त्यातून काय घेता येईल, याचा विचार करा.

तेथे गेल्यावर आपल्याच मंडळींच्या घोळक्यात दोन वर्षे काढू नका. गणेशोत्सवाला महाराष्ट्र मंडळात अवश्य जा, पण शेजारच्या वृद्ध जर्मन दांपत्याच्या घरीही जा. दर रविवारी एक पान लिहा. दुकानात कोणता भारतीय माल दिसला, त्याचे वेष्टन कसे होते, ठरल्या वेळेला तेथे किती किंमत आहे, तक्रार आली तर विक्रेता काय करतो. दोन वर्षांत शंभर पाने होतील. पदवीच्या कागदाइतकेच मोल त्या शंभर पानांना येईल.

सगळ्यांनी परत यावे असा माझा हट्ट नाही. शंतनुराव किर्लोस्कर 1922 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकायला गेले आणि 1926 मध्ये अभियंता होऊन किर्लोस्करवाडीला परतले. त्यांना परतण्यासाठी किर्लोस्करवाडी होती. तुम्हाला परतावेसे वाटेल अशी जागा येथे निर्माण करणे, हे आम्हा वडीलधाऱ्यांचे काम आहे. उद्योजक बंधूंनो, परदेशी निघालेल्या येथल्या मुलांना जाण्यापूर्वी महिनाभर आपल्या कारखान्यात बोलवा. तुमच्या अडचणी त्यांना दाखवा आणि एकेक प्रश्न त्यांच्या हाती द्या. प्रश्न घेऊन गेलेला विद्यार्थी उत्तर शोधतो, आणि सापडलेले उत्तर तो तिकडे राहिला तरी इकडे कळवतो.

पालकहो, घरी गेल्यावर मुलांना एवढेच विचारा की, तू तेथून आपल्यासाठी काय आणणार आहेस? त्याचे स्पष्ट उत्तर मिळाले, तर कर्जाच्या कागदावर सही करताना हात थरथरणार नाही. मिळाले नाही, तर सही थोडी लांबणीवर टाका आणि मुलासोबत बसून ते उत्तर शोधा.