रान, खेडें आणि संसदेची समिति

संसदेचें नांव निघालें कीं डोळ्यांपुढें उभीं राहतात तीं सभागृहांतील गाजलेलीं भाषणें आणि अटीतटीचें मतदान. समितीच्या बैठकींत यांतलें कांहींच नसतें. एका खोलींत मोजके सभासद बसतात, साक्षीदारांस प्रश्न विचारतात आणि कांहीं महिन्यांनीं अहवाल लिहितात. परंतु एखाद्या डोंगरावर पुढील पन्नास वर्षें मेंढ्या चरणार कीं झाडें वाढणार, या प्रश्नाची कसून छाननी व्हावयाची ती अशा खोलींतच. तो प्रश्न केव्हां, कोठें आणि कोणास विचारावयाचा, हें समितीच्या कामाच्या आंखणीवर अवलंबून असतें. वेल्स देशाचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे.

वेल्स हा ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख. लोकवस्ती सुमारें एकतीस लाख. मेंढ्या तिच्या दुपटीहून अधिक. जमिनीचा बहुतेक भाग शेती व चराई यांखालीं आहे. वेल्श भाषाहि मोठ्या अंशीं शेतकऱ्यांच्या घरांनींच राखली आहे. २०११ च्या शिरगणतींत एकंदर लोकांपैकीं शेंकडा १९ जणांस ती बोलतां येत होती. शेती, वनें व मासेमारी यांवर जगणाऱ्यांत तेंच प्रमाण शेंकडा ४० हून अधिक होतें. तेव्हां तेथें जमिनीविषयीं केलेला कायदा भाषेच्याहि जिवाशीं जाऊन भिडतो.

गांवास न विचारतां निर्णय झाला म्हणजे काय होतें, हें वेल्सनें अनुभविलें आहे. ट्रवेरिन नदीच्या खोऱ्यांत कापेल केलिन नांवाचें वेल्श बोलणारें खेडें होतें. लिव्हरपूल शहरास पाणी हवें होतें. वेल्सच्या जवळजवळ सर्व प्रतिनिधींचा विरोध असतांहि लंडनच्या पार्लमेंटनें १९५७ सालीं धरणाचा कायदा केला. १९६५ पर्यंत तेथील शाळा, प्रार्थनामंदिर, टपालकचेरी, घरेंदारें सर्व पाण्याखालीं गेलीं. २००५ सालीं लिव्हरपूलच्या नगरसभेनें या कृत्याबद्दल क्षमा मागितली; पण गेलेला गांव क्षमेनें परत येत नाहीं. १९२१ चा मुळशीचा सत्याग्रह ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही कथा परकी वाटणार नाहीं.

१९९९ सालीं कार्डिफ येथें वेल्सची स्वतःची विधिसभा सुरू झाली. तींत तेव्हां ६० सभासद होते. २०२० सालीं तिला संसद हें नांव मिळालें. २०१६ च्या निवडणुकीनंतर या सभेनें हवामानांतील बदल, पर्यावरण आणि ग्रामीण व्यवहार हे तिन्ही विषय एकाच समितीकडे सोंपविले. त्याच वर्षीं २३ जून रोजीं ब्रिटननें युरोपीय संघांतून बाहेर पडण्याचा कौल दिला. वेल्समधील शेतकऱ्यास मिळणारें अर्थसाहाय्य त्या संघाकडून येत असे. त्यामुळें पुढें काय, हा प्रश्न समितीच्या दारांत पहिल्या दिवसापासूनच येऊन बसला.

अशा समितीचें वर्ष पूर्णपणें तिचें नसतें. सरकारचीं विधेयकें येतील तेव्हां तपासावीं लागतात. अंदाजपत्रक दरसाल पाहावें लागतें. वनें, नद्या व निसर्ग यांचा सांभाळ करण्यासाठीं २०१३ सालीं स्थापन झालेल्या सरकारी संस्थेचा हिशेबहि विचारावा लागतो. उरलेल्या थोड्या आठवड्यांत स्वतंत्र चौकशी करावयाची असते. समितीनें पहिला मान जमिनीच्या व्यवस्थेला दिला व मार्च २०१७ मध्यें त्यावरील अहवाल प्रसिद्ध केला; वनांचा अहवाल त्याच वर्षीं मागाहून आला. आधीं जमीन, मग झाड हा क्रम विचार करण्याजोगा आहे. झाड लावावयाचें तें कोणाच्या तरी कुरणांतच लावावें लागतें.

आंखणींत आणखी एक गोष्ट येते. ती म्हणजे साक्षीदार. राजधानींत ज्यांच्या कचेऱ्या आहेत, अशा संस्थांस बोलावणें सोपें असतें. त्यांचे कागद तयार असतात. डोंगरावरच्या मेंढपाळाचें तसें नाहीं. वसंत ऋतूंत मेंढ्या वितात, तेव्हां त्याला गोठा सोडून क्षणभरहि हलतां येत नाहीं. अशा वेळीं साक्षीची तारीख ठेवली तर त्याचें म्हणणें कागदावर येतच नाहीं, आणि पुढें तें रस्त्यावर ऐकावें लागतें.

२०२१ च्या निवडणुकीनंतर ही जोडी फुटली. पर्यावरण एका समितीकडे गेलें. ग्रामीण व्यवहार अर्थकारण व व्यापार यांच्या सोबतीला दुसऱ्या समितींत गेले. २०२३ सालीं वेल्सचा शेतीविषयक कायदा झाला. त्यामागून जी साहाय्ययोजना लोकांपुढें मांडण्यांत आली, तींत शेतजमिनीचा दहावा हिस्सा झाडांखालीं असावा, अशी अट होती. झाडें हवामानासाठीं हवीं होतीं, यांत शंका नाहीं. परंतु लहान शेतकऱ्याला त्यांत आपलें कुरण जातांना दिसलें. मार्च २०२४ मध्यें संसदेच्या पायऱ्यांवर रबरी बुटांचे ५,५०० जोड रिकामे मांडण्यांत आले. सरकारनेंच करविलेल्या अभ्यासांत तितक्या लोकांचें काम जाण्याची भीति वर्तविली होती. योजना एक वर्ष लांबणीवर पडली, आणि जुलै २०२५ मधील अंतिम योजनेंतून ती अट वगळण्यांत आली.

समित्या वेगळ्या केल्यामुळेंच हें घडलें, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. मात्र रान आणि खेडें यांचा हिशेब दोन वह्यांत लिहिला कीं बेरीज कोणी करावी हा प्रश्न उरतो, एवढें खास.

भारतांत विभागवार स्थायी समित्यांची पद्धति १९९३ पासून चालत आली आहे. एका समितींत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सभासद असतात. येथेंहि पर्यावरण व वनें राज्यसभेच्या सचिवालयाखालील समितीकडे आहेत. ग्रामविकासाची समिति लोकसभेकडे आहे. गायरान, देवराई, ओढा आणि पाणवठा हीं मात्र एकाच शिवारांत असतात. म्हणून वर्षारंभीं विषय निवडतांना दोन्ही समित्यांनीं एकमेकींची यादी पाहावी, साक्षीसाठीं निदान एक बैठक गांवांत घ्यावी, आणि ती पेरणीच्या व कापणीच्या दिवसांत ठेवूं नये. यास खर्च थोडा आहे. न विचारलेल्या गांवाची किंमत किती मोठी होते, तें कापेल केलिनचें पाणी आजहि सांगत आहे.