न्यायासनापुढची भाषा

खुनाचा तपास म्हटला की हत्यार, रक्ताचे डाग आणि बोटांचे ठसे या गोष्टी प्रथम आपल्या डोळ्यांपुढे येतात. आरोपी कोणत्या भाषेत बोलतो, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. दक्षिण फ्रान्समधील एका हत्याकांडाने मात्र हाच प्रश्न साऱ्या देशापुढे उभा केला.

द्युरांस नदीच्या खोऱ्यात ल्यूर्स नावाचे लहानसे खेडे आहे. १९५२ च्या ऑगस्टमध्ये, ४ तारखेच्या रात्री, इंग्लंडचे आहारशास्त्रज्ञ सर जॅक ड्रमंड हे पत्नी आणि दहा वर्षांची मुलगी यांच्यासह तेथील हमरस्त्याच्या कडेला मुक्कामास थांबले होते. महायुद्धाच्या काळात ब्रिटिश जनतेच्या शिध्याला शास्त्राचा आधार देणारे हे गृहस्थ. पहाटेपर्यंत तिघांचाही अंत झाला होता. आईबाप गोळ्यांनी मारले गेले, मुलगी बंदुकीच्या दस्त्याच्या घावांनी. जवळच्या शेतघरात पंचाहत्तर वर्षांचा गास्तों दोमिनिसी आपल्या कुटुंबासह राहत होता.

तपासासाठी मार्सेयहून पोलीस अधिकारी एडमों सेबेय आले, तोवर बघ्यांनी ती जागा तुडवून टाकली होती. नदीत मोडकी अमेरिकन बंदूक सापडली. ती कोणाची, हे सांगण्यास कोणी पुढे येईना. मुलगी काही काळ जिवंत होती, हे दोमिनिसीच्या ग्युस्ताव या मुलाने लपविले, आणि त्याबद्दल त्याला शिक्षा झाली. अखेर नोव्हेंबर १९५३ मध्ये ग्युस्ताव आणि क्लोविस या दोघा मुलांनी बापाकडे बोट दाखविले. म्हाताऱ्याने गुन्हा कबूल केला, आणि पुढे तो कबुलीजबाब नाकारला. ग्युस्तावनेही आपले शब्द फिरविले.

१९५४ च्या नोव्हेंबरात दीन्य येथे खटला चालला. गास्तोंची बोली प्रोव्हांसाल. न्यायालयाची भाषा शहरी, सुशिक्षित फ्रेंच. मुलीचे प्रेत रेल्वेपुलापलीकडे सापडले होते. त्यामुळे तो पुलाकडे गेला होता काय, हा प्रश्न जीवनमरणाचा होता. फ्रेंचमध्ये ‘गेलेला’ आणि ‘दुतर्फा झाडांची वाट’ या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘आले’ असा एकच होतो. मराठीतही पाहुणे आले आणि चहात घालायचे आले ऐकताना सारखेच! म्हाताऱ्याला वाटले, तेथे अशी वाट आहे काय, असे विचारीत आहेत. त्याने उत्तर दिले की तेथे तशी वाट नाही. न्यायालय त्याच्या जाण्याविषयी विचारीत होते, तो झाडांच्या वाटेविषयी बोलत होता.

न्यायालयात उपस्थित असलेले कादंबरीकार जाँ जिओनो यांना ही दरी खटकली. गास्तों निर्दोष आहे असे त्यांनी म्हटले नाही. तो दोषी आहे याविषयी मात्र त्यांची खात्री पटली नाही. लेखक रोलाँ बार्त यांचा आक्षेप अधिक कडक होता. न्यायाधीशांनी आपलीच भाषा सर्वांची आहे असे गृहीत धरले, आणि त्या भाषेतून आरोपीचे मनही स्वतःच रचले, असे त्यांचे म्हणणे.

गास्तोंला देहान्ताची शिक्षा झाली. पुन्हा चौकशी झाली, पण तिने गुंता सुटला नाही. १९५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोती यांनी शिक्षा जन्मठेपेवर आणली. १९६० मध्ये द गॉल यांनी त्याला मुक्त केले. निकाल मात्र रद्द झाला नाही. १९६५ मध्ये गास्तों वारला.

तो दोषी असेल किंवा नसेलही. परंतु ज्याचे बोलणे नीट ऐकले गेले नाही, त्याच्या शिक्षेवर शंकेची सावली कायमची राहते. ती सावली केवळ त्या म्हाताऱ्यावरच पडली असे नाही. फोर्काल्क्ये येथील दफनभूमीत आईबापांसमवेत चिरनिद्रा घेणाऱ्या त्या मुलीवरही ती पडली आहे. तिला कोणी मारले, याचे निःशंक उत्तर तिलाही मिळालेले नाही.