एकटीचा गाडीप्रवास : पुणे ते मंगळूर आणि परत

(सोसायटीच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात गच्चीवर केलेलं भाषण. बहुतेक बोलले तसंच ठेवलं आहे. मधले प्रश्न आणि चर्चा तेवढी गाळली आहे.)



दूध आटेपर्यंत बोला, असं मला सांगितलंय. दूध किती आटवायचं हे आपल्याकडे दरवर्षी कमिटीतही ठरत नाही, म्हणजे मला वेळ भरपूर आहे.

गेल्या वर्षी, २०२४ च्या नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर मी आपल्या पार्किंगमधली गाडी काढून पुण्याहून निघाले आणि अकराव्या दिवशी परत आले. जाताना कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी, पणजी, कारवार, उडुपी, मंगळूर. येताना आगुंबे, शृंगेरी, चिकमगळूर, हुबळी, बेळगाव. मीटरवर १,८६० किलोमीटर झाले. वय ६४. सोबत कुणी नाही.

परत आल्यावर लिफ्टमध्ये दोन वाक्यं फार ऐकली. एक, 'काय धाडस हो तुमचं!' आणि दुसरं, जरा आवाज उतरवून, 'ह्यांच्या आठवणीसाठी गेलात ना?' दोन्ही प्रेमानं म्हटलेली, पण दोन्ही खरी नाहीत. खरं काय ते आज सांगते.

माझं लायसन १९८८ सालचं. पण लांबचा प्रवास असला की गाडी हेच चालवायचे. मी डावीकडे. संत्री सोलून द्यायची, टोलचे सुटे पैसे काढायचे, मागे मुलांची भांडणं सोडवायची. कधी निघायचं, चहाला कुठे थांबायचं, मुक्काम कुठल्या गावात, हे सगळं हे ठरवायचे. आणि चांगलं ठरवायचे, माझी तक्रार नव्हती. तीन वर्षांपूर्वी हे गेले. त्यानंतर गाडी मी चालवत राहिले ती मंडई, डॉक्टर आणि बँक एवढ्यापुरती. मुलगा म्हणाला, 'आई, विकून टाकूया, उभ्या उभ्या बॅटरी उतरते.' त्याचं म्हणणं रास्त होतं. विकायला माझी ना नव्हती. फक्त त्याआधी मला एकदा बघायचं होतं, चहाला कुठे थांबायचं हे माझं मला ठरवता येतं का. एवढंच कारण. हसताय, पण पस्तीस वर्षं ज्यानं ते ठरवलं नाही त्याला विचारा.

मुलाशी तह झाला. लोकेशन चालू ठेवायचं, संध्याकाळी सातला फोन करायचा, अंधारात गाडी चालवायची नाही. दर तासाला फोन करण्याचं कलम मी फेटाळलं.

पहिल्या दिवशी निपाणीहून आजऱ्याकडे वळून आंबोलीचा घाट उतरले. घाटाबद्दल एकच सांगते, कारण तुमच्यातले बरेच जण गणपतीला गाडीनं कोकणात जातात. ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा. ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे. दुसऱ्या गिअरात गाडीचं इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग आहेत, आपल्या बिल्डिंगमध्येही आहेत, नाव घेत नाही. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि नेमक्या वेळी पाय आत जातो पण गाडी थांबत नाही. आणि समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्यानं थांबायचं. चढणारा एकदा थांबला की त्याला परत उचलणं अवघड असतं. माझ्या मागे एक जण हॉर्न वाजवत होता. मी कडेला घेतलं, त्याला जाऊ दिलं आणि थर्मासमधला चहा प्यायले. तो माझा पहिला थांबा.

गोव्यात एक रात्र राहिले. गोव्याबद्दल तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पुढे जाते.

कारवारच्या आधी काळी नदी लागते. तिच्यावरचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्रीनंतर कोसळला होता. एक ट्रक पाण्यात गेला, चालकाला स्थानिक मच्छीमारांनी वाचवलं. मी गेले तेव्हा सगळी वाहतूक शेजारच्या नव्या पुलावरून होती. पूल ओलांडताना काच खाली केली होती ती मी वर घेतली. का, ते सांगता येत नाही. कारवार १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. पहिले भारतीय आयसीएस सत्येंद्रनाथ टागोर तिथे न्यायाधीश होते. त्यांच्याकडे राहायला आलेल्या तरुण रवींद्रनाथांनी 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक तिथेच लिहिलं. किनाऱ्याला आता टागोरांचं नाव आहे. तिथल्या टपरीवर मराठीत चहा मागितला, कोकणीत उत्तर आलं, दोघांचंही काम झालं.

पुढे अंकोल्याजवळ शिरूर. १६ जुलैला तिथे डोंगर महामार्गावर आला. रस्त्याकडेची चहाची टपरी, ती चालवणारं कुटुंब, उभ्या गाड्या, सगळं गेलं. गंगावळी नदीत गेलेला एक ट्रक चालकाच्या मृतदेहासह सापडायला सप्टेंबर संपत आला. मी चहाचे थांबे मोजत निघालेली बाई. तिथे डावीकडे तो सोललेला लाल डोंगर, उजवीकडे नदी, आणि मला वाटलं, ती माणसंही नुसती चहालाच तर थांबली होती. जुने घाटरस्ते डोंगराच्या कलानं वळसे घेत जातात, म्हणून आपण कंटाळतो. आपल्याला सरळ आणि रुंद रस्ता हवा असतो, त्यासाठी डोंगर उभा कापतात. मी काही इंजिनिअर नाही. पण पावसाळ्यात त्या बाजूला जाणार असाल तर कापलेल्या कड्याखाली गाडी उभी करू नका, एवढं माझं ऐका.

मरवंतेला मात्र थांबले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आणि मधून रस्ता. तिथे माझ्या तोंडून मोठ्यानं 'अहो, बघा' असं निघून गेलं. शेजारच्या सीटवर पर्स होती. रडले वगैरे नाही. पण पुढचे वीस-पंचवीस किलोमीटर रेडिओ लावला नाही. एकटीनं प्रवास करताना भीती फारशी वाटत नाही, हे मला निघण्यापूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बघितलेलं सांगायला कुणी नसतं, हे जड जातं.

एका गावात लॉजवाल्यानं एकट्या बाईला खोली देत नाही असं सांगितलं. गावाचं नाव सांगत नाही. मी आधार कार्ड पुढे केलं, वय दाखवलं. नाही म्हणजे नाही. समोरच्या लॉजमध्ये मिळाली आणि तिथल्या मालकीणबाईंनी रात्री गरम पाण्याची बाटली पाठवली. सातच्या फोनवर मुलाला फक्त गरम पाण्याचं सांगितलं.

उडुपीच्या कृष्णमठाचा कारभार आठ मठांकडे आळीपाळीनं असतो, प्रत्येकाकडे दोन वर्षं. त्याला पर्याय म्हणतात. शेकडो वर्षं पाळी चुकलेली नाही. आपल्याकडे सात विंग आहेत आणि सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नाही, हे मला तिथे रांगेत उभं असताना आठवलं. अध्यक्ष महाराज समोर बसलेत, त्यांनी विचार करावा.

मंगळूरला मला कौलं बघायची होती. माझं आजोळ राजापूरचं. घरावर मंगलोरी कौलं, माळ्यावर चढलं की कौलाच्या पोटात उमटलेली इंग्रजी अक्षरं दिसायची. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, नेत्रावतीकाठची माती वापरली, आणि मग ही कौलं गलबतांतून कोकणभर गेली. लहानपणी ज्या अक्षरांवर मी बोट फिरवायचे त्यांच्या गावी मी स्वतः गाडी चालवत आले, याचा मला फार आनंद झाला. मासेही उत्तम खाल्ले. एकटीला पूर्ण सुरमई येते, ही आणखी एक सोय.

परतताना कारकळला बाहुबली पाहिला. ४२ फूट, १४३२ सालचा, एका दगडातला. तिथे उशीर झाला. हेब्रीला पोचले तेव्हा साडेचार वाजले होते आणि आगुंब्याच्या बाजूचा डोंगर ढगात गेला होता. घाटात चौदा अवघड वळणं. वर खोली राखून ठेवलेली, पैसे भरलेले. टपरीवाला म्हणाला, 'जाईल गाडी, अर्धा तास.' बहुधा गेलीही असती. हे असते तर गेलो असतो, मी डोळे मिटून बसले असते आणि पोचल्यावर 'बघ, पोचलो की नाही' हे ऐकलं असतं. मी चहा घेतला, ढगाकडे बघितलं आणि हेब्रीतच खोली घेतली. भरलेले पैसे बुडाले. त्या रात्री मला अतिशय शांत झोप लागली.

सकाळी सातला घाट स्वच्छ होता. वळणावळणाला हॉर्न देत, दुसऱ्या-पहिल्या गिअरात, माकडांना वाट देत वर आले. शंकर नाग यांनी 'मालगुडी डेज'चं चित्रीकरण केलं ते हेच आगुंबे. पुढे शृंगेरीला शारदेचं दर्शन, तुंगेच्या काठावर मासे बघणं, चिकमगळूरची कॉफी. मग दोन दिवस हायवे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ट्रक होते.

गाडी विकलेली नाही, हे तुम्हाला पार्किंगमध्ये दिसतंच. मुलानं नवी बॅटरी बसवून दिली. यंदा दिवाळीनंतर मालवण, वेंगुर्ल्याकडून खाली उतरायचं मनात आहे. ए विंगच्या दोघीजणी बरोबर येते म्हणतात. एकीला लायसन आहे, एकीला नाही. लायसनवालीला मी सांगून ठेवलंय, आंबोली तू उतरवायचीस.

दूध आलं वाटतं.