चाळीस महिन्यांचा हिशेब

(बंगळुरूतील विद्यार्थी बैठकीतलं भाषण)



सकाळी आईनं फोनवर विचारलं, "असल्या विषयावर कशाला बोलतेस?" तिची भीती खरी आहे. १ मार्च २०२४ला याच शहरात रामेश्वरम कॅफेत स्फोट झाला, ती भीतीही खरीच. स्फोट घडवणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण खटल्यानंतर, खटल्याआधी नव्हे.

'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११मध्ये यूएपीएखाली अटक झाली. मे २०१४मध्ये गोंदियाच्या न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं. चाळीस महिने मात्र तुरुंगात गेले. जून २०१८मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात पुन्हा अटक झाली. जामीन मिळाला जानेवारी २०२५मध्ये. तोवर आरोपही निश्चित झाले नव्हते.

याचं मूळ कलम ४३-ड(५) मध्ये आहे. पोलिसांच्या कागदांवरून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला, की जामीन नाही. पण २०२१मध्ये नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की खटला रेंगाळून कैद लांबली, तर संविधानाच्या कलम २१च्या आधारे जामीन देता येतो.

आपण घरातले पहिले पदवीधर. वस्तीत कुणाला उचललं, तर कागद आपल्याच हातात येणार. तो वाचता यायला हवा.

आईला हेच सांगितलं, "म्हणूनच बोलते."

जय भीम, जय संविधान.