सोलापूरचे दोशी घराणे आणि वालचंदनगर



गोदावरीकाठच्या नेवासा तालुक्यास जिल्ह्याच्या हद्दीवरचे जीवन परिचित आहे. पुणे व सोलापूर जिल्ह्यांच्या हद्दीलगत, नीरेच्या खोऱ्यात वालचंदनगर वसविणारे शेठ वालचंद हिराचंद ज्या घरातून घडले, त्या घराचे स्मरण येथे उचितच होय.

मूळचे वांकानेरचे हे दिगंबर जैन दोशी कुटुंब सोलापुरात स्थिरावले. कापूस व सावकारी हा त्यांचा व्यवसाय. वडील हिराचंद नेमचंद यांनी ‘जैन बोधक’ हे मराठी मासिक सुरू केले. पेढी सांभाळता सांभाळता समाजाला वाचनाची गोडी लावणारे ते घर! तेथील संस्कारांत वाढलेल्या वालचंदांनी (जन्म २३ नोव्हेंबर १८८२) पेढीची निश्चित वाट सोडली आणि लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत बार्शी लाईट रेल्वेचे कंत्राट घेतले. सावकारी घराण्यातील तरुणाने खडी-मातीच्या कामात उतरावे, हे त्या काळी धाडसच होते.

पुढे इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळरानावर ऊस डोलू लागला. १९३० च्या दशकात साखर कारखाना निघाला आणि त्याच्याभोवती नगर वसले. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद निवर्तले. पुढे त्याच नगरात साखर कारखान्यांच्या यंत्रांबरोबर ‘इस्रो’च्या प्रक्षेपकांची धातूची आवरणेही घडली.