कथा पुरी कशी होते

(शिरगाव, ता. मावळ इथे लिहित्या बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)

तुमच्या कथा कुठवर आल्या आणि गटातल्या इतरजणींच्या लिखाणाला तुम्ही कशी साथ देता, या दोन गोष्टींवर बोला, असं मला सांगितलं गेलं. माझ्या अनुभवात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. पण आधी हिशेब देते.

गेल्या वर्षभरात माझ्या तीन कथा पुऱ्या झाल्या. एक दिवाळी अंकात आली, एक साभार परत आली, तिसरी अजून माझ्याजवळ आहे. चौथी अर्धी झाली आहे. वर्षाला तीन कथा हे काही फार नव्हे. पण नोकरी, स्वयंपाकपाणी, सासूबाईंचं दुखणंखुपणं यातून रात्रीचे दीड-दोन तास उरतात, त्यातही डोळे मिटायला लागतात. तुमच्यापैकी बहुतेकींचं असंच आहे. तेव्हा 'बाई कमी का लिहिते' या प्रश्नाचं उत्तर तिच्या प्रतिभेत शोधण्याआधी तिच्या घड्याळात शोधावं.

आता त्या अर्ध्या कथेविषयी. एक बहीण भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायला वडगावच्या दुय्यम निबंधक कार्यालयात येते, एवढीच गोष्ट आहे. आपल्या मावळात ही नवलाची गोष्ट नाही. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. तळेगाव, सोमाटणे, शिरगाव, गहुंजे या पट्ट्यात भाताच्या खाचरांना गुंठ्यांचे भाव आले. आणि जमिनीला भाव आला की बहिणींची आठवण होते, सहीपुरती!

कायदा बहिणीच्या बाजूचा आहे. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढला. हा हक्क जन्मानेच मिळतो, ९ सप्टेंबर २००५ या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. इतकं सगळं असूनही बहीण सही करते. का करते? हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ते सांगायला कथा लागते.

माझ्या कथेतली बाई सही करते तो प्रसंग मी गटात वाचून दाखवला. सगळ्या 'छान, छान' म्हणाल्या. मंदिराबाहेर हारफुलं विकणारी आमची एक मैत्रीण मात्र गप्प होती. ती स्वतः फारशी लिहीत नाही, पण ऐकते कान देऊन. ती म्हणाली, "ताई, ती आली तवा तिला साडी कुणी आणली व्हती? सहीच्या आधी दिली का मागनं?" मी वहीच मिटली. पुढचे आठ दिवस त्या साडीवर विचार करत होते. सहीच्या आधी दिलेली साडी ही किंमत असते, सहीनंतर दिलेली साडी हा निरोप असतो. हक्क मागितला तर उद्या पंचमीला, भाऊबिजेला कोणतं दार उघडं राहील, हा हिशेब ती बाई त्या साडीच्या घडीकडे बघत करते. तिथून माझी कथा पुन्हा चालू लागली.

मैत्रिणींनो, साथ म्हणतात ती ही. 'छान' म्हणणं गोड असतं, पण त्याने कथा पुढे सरकत नाही. तिला पुढे नेणारा प्रश्न कोणीतरी विचारावा लागतो, आणि तो विचारण्यासाठी आधी मन लावून ऐकावं लागतं.

ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. जात्याला दोघी बसल्या की एकीने ओवी धरायची आणि दुसरीने ती उचलायची. एकीची ओळ दुसरीच्या तोंडी जाताना थोडी बदलायची, वाढायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या बायकांबरोबर काम करता करता या ओव्या टिपायला सुरुवात केली आणि महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. आपल्या आज्या-पणज्यांनी सासर, माहेर, मार, भूक, मैत्री हे सगळं त्यात घातलं. एकटीने दळायला बसणं कष्टाचं, तसं एकटीने गाणंही. घरोघरची जाती गेली, गिरण्या आल्या. पण लिहिताना आपल्याला समोर बसणारी दुसरी बाई अजून लागते.

ती नसली तर काय होतं? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ साली छापलं गेलं. इतकं धारदार लिहिणाऱ्या बाईवर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये तिची बाजू घेतली. पण त्या एका पुस्तकानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्या हाती आलेलं नाही. आणि हे पुस्तकसुद्धा विस्मरणात गेलं होतं. स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा छापलं तेव्हा आपल्याला कळलं की अशी बाई होऊन गेली. मला या गोष्टीतलं ते नव्वद वर्षांहून मोठं अंतर फार बोचतं. एक वाचणारा मिळायला एवढा वेळ लागावा?

साथीचं दुसरं रूप म्हणजे गुपित राखणं. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने निघाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघड लिहिलेलं होतं. गहजब झाला. ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, तेव्हा नोकरीत होत्या. नाव फुटलं असतं तर त्यांना केवढं सोसावं लागलं असतं! त्यांचे प्रकाशक ह. वि. मोटे यांनी नाव सांगितलं नाही. एका माणसाने तोंड बंद ठेवलं म्हणून मराठी कथेला एक लेखिका टिकून मिळाली. त्याच मालतीबाई १९८१ साली मुंबईतल्या समांतर साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या.

हे जुनं सांगते आहे ते उगाच नाही. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीची कथा छापून आली. त्यात जमिनीच्या वाटणीचा विषय होता. गाव लहान, माणसं ओळखीची. नावं बदललेली असली तरी भावाच्या घरी कोणीतरी अंक नेऊन दिला. त्या वर्षी तिला भाऊबिजेचं बोलावणं आलं नाही. ती म्हणाली, "मी आता लिहिणार नाही." तिला 'धीर धर' म्हणणं सोपं होतं. आम्ही भाऊबिजेच्या दिवशी तिच्या घरी गेलो, जेवलो आणि तिच्या पुढच्या कथेचं पहिलं पान तिच्याकडूनच वाचून घेतलं. माहेर तुटल्याची भरपाई त्याने झाली असं मी म्हणणार नाही. ती होत नाही. पण लिहिण्याची किंमत ती एकटीच मोजते आहे, असं मात्र राहिलं नाही. ती आता लिहिते. टोपणनावाने लिहायचं की नाही हे तिने ठरवायचं, आणि ते जपायचं काम आमचं.

काही जणी मला विचारतात, दुसऱ्यांचं वाचण्यात वेळ गेला तर तुझं लिखाण मागे पडत नाही का? मी त्यांना उर्मिला पवारांचं नाव सांगते. त्यांचा 'सहावं बोट' हा कथासंग्रह १९८८ साली आला. त्याच सुमाराला त्या मीनाक्षी मून यांच्याबरोबर आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक तयार करत होत्या. ते १९८९ साली निघालं. पुढे २००३ साली त्यांचं 'आयदान' आलं. इतर बायकांचं ऐकण्यात घातलेली वर्षं वाया गेली, असं त्यांचं लिखाण वाचून कोण म्हणेल?

आपल्या या मावळात, तळेगावात राहून गो. नी. दांडेकरांनी 'पवनाकाठचा धोंडी' लिहिली. गडाची हवालदारी सांगणारा मावळा मराठी वाचकाला त्यांनी दाखवला. पण त्या गडाच्या पायथ्याशी आवणी करणारी, आज तिथल्याच प्लॉटवर उभ्या राहिलेल्या बंगल्यात धुणीभांडी करणारी बाई कोण लिहिणार? ती आपल्यालाच लिहावी लागेल.

म्हणून जाता जाता आमच्या गटाची रीत सांगते, पटली तर घ्या. महिन्यातून एकदा बसायचं, गुरुवार सोडून, कारण त्या दिवशी शिरगावात दर्शनाची गर्दी असते आणि आमच्यातल्या दोघीतिघींच्या धंद्याचा तो दिवस. एका वेळी एकीचंच वाचायचं. वाचून झाल्यावर प्रत्येकीने एक तरी प्रश्न विचारायचा. जिला लिहिता येत नाही तिचं दुसरीने तिच्याच बोलीत उतरवून घ्यायचं, शुद्ध करायला जायचं नाही. जिची मुलं लहान, तिची मुलं तेवढा वेळ दुसरीने सांभाळायची. आणि मैत्रिणीचं छापून आलं की अंक मागून वाचायचा नाही, विकत घ्यायचा.

माझी चौथी कथा पुढच्या बैठकीत वाचायची आहे. साडी सहीच्या आधी दिली की नंतर, ते मी आता लिहिलं आहे. पण घरी परतल्यावर ती बाई त्या साडीचं काय करते, हे अजून मला कळलेलं नाही. तुमच्यापैकी जिला ठाऊक असेल तिने चहाच्या वेळी माझ्याशेजारी येऊन बसावं.